रोहूच्या मुंडक्याची हकीकत

एक रोहू, सहा किलोंचा. दुसरा थोडा कमी.

पिवळ्या चिठ्ठ्या ऐंशी, पाठीस डिंक, गुडगावहून.

दात सारे गेले ते फाल्गुनात.

पुंटी. मांजर. खाते: जमीनजुमला.

पडद्यावरची चित्रे चौऱ्याहत्तर. त्यांत माणसे कमी, बाण फार.

"तिथं एसी फार आहे हो. तिथं कसं काही ठरवणार?"

बनमाळी ठाकूर, गाव केंद्रापाडा, रजा एक महिना, कारण घराचे छप्पर.

हकीकत ऐसी जे. कलकत्ता शहरी, हायकोर्टाचे पिछाडीच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, जेथे लिफ्ट मर्जी असेल तेव्हा चढते आणि मर्जी नसेल तेव्हा दीड मजल्यावर मुक्काम करते, तेथे सरखेल, मुस्तफी आणि मंडळी या नावाची सॉलिसिटरांची कदीम पेढी अंमल करोन होती. त्या पेढीत गादीचा प्रश्न उत्पन्न जाहला आणि दोन सरदारांत चुरस पडली आणि परमुलखातून मसलतगार आला आणि एकोणीस दिवस कारभार थिजला आणि मग भाद्रपदातील एका बुधवारी भर पंगतीत निकाल लागला. त्या प्रसंगी कोण कोठे बसला, कोण काय बोलला आणि कोणी काय गिळले, हे सारे कोणाची भीड न धरता येथे उतरोन ठेविले आहे. वाचणार मासे खात नसल्यास त्याने नाक झाकोन वाचावे, परंतु वाचावे.

आधी माणसे.

बंगाल्यात आडनावांचा थाट दरबारी असतो, म्हणोन घाबरू नये. गादीवर खासे निरुपम सरखेल, वय एकोणऐंशी. आडनाव आरमारी, परंतु आयुष्यात होडीत बसले ते एकवार, बेलूर मठास जाताना, आणि ओकले. तयांचे खाली सात भागीदार, आणि त्यांत मातबर दोन. एक दीप्तरूप मुस्तफी, वय सत्तेचाळीस, लवादाच्या लढायांत पटाईत, विलायतेस दोन वर्षे राहोन आलेले, आणि बोलण्यास ओघ ऐसा की समोरच्याचा चहा निवोन वर साय धरावी. दुसऱ्या मधुच्छंदा पत्रनवीस, वय त्रेपन्न, जमीनजुमल्याच्या दस्तांचे खाते तयांकडे. सोळा वारसांचे, तीन जिन्यांचे घर वाटोन देताना कोणाचा नळ कोणाच्या भिंतीतून जातो आणि त्यापायी कोण कोणाशी कोणत्या सालापासून बोलत नाही, हे सव्वीस वर्षे त्या ऐकत आल्या आणि ऐकोन दस्त करीत आल्या. हाताखाली सात माणसे. त्यांत थोरले हरिसाधन कोले, ज्यांस शंभर वर्षांमागचे किडके बंगाली हस्ताक्षर वर्तमानपत्रासारखे वाचता येई. आणि सातांवर पुंटी, जी दस्तांच्या कपाटावर निजे, सबब त्या खात्यात उंदीर नव्हता.

आता शिरस्ता, कारण सारे त्यावर उभे आहे.

पेढीच्या मागल्या खोलीत आठ माणसांचे लांब टेबल होते आणि रोज दीड वाजता आठही भागीदार तेथे जेवीत आणि बनमाळी ठाकूर रांधोन वाढीत. बुधवारी रोहू येई, थोरला, आणि त्याचे मुंडके गादीच्या पानात पडे. ही चाल सरखेलबाबूंचे तीर्थरूप कालीकिंकर यांनी पाडिली. रोहूचे मुंडके खाणे हे चाळीस मिनिटांचे काम. ते हातांनी उकलावे लागते, गालातला मऊ भाग वेगळा, डोळ्यामागचा वेगळा, आणि प्रत्येक घासात काटे, आणि तोंडात काटा असता माणसास बोलता येत नाही. म्हणोन मुंडके खाणारा मुकाट, आणि तो खातो तोवर बाकीचे सातजण पाळीपाळीने आपले म्हणणे मांडीत, आणि मग तो उठोन हात धुई, पुसे, आणि दोनतीन वाक्यांत जे सांगे ते ठरले. सही नाही, कागद नाही. साठ वर्षांत त्या पेढीने जे ठरविले ते येणेप्रमाणे ठरविले. सभेच्या खोलीत काही ठरले ऐसे एकही प्रकरण दफ्तरी सापडत नाही.

फाल्गुनात सरखेलबाबूंचे उरलेसुरले दात डॉक्टरांनी काढिले. पुढले तीन बुधवार मुंडके तयांचे पानात आले आणि त्यांनी त्याचा वास घेतला आणि ते जैसे आले तैसे परत गेले, आणि ठाकूर मुदपाकखान्यात चुलीकडे तोंड करोन बसले. चौथ्या बुधवारी सरखेलबाबूंनी फर्माविले की दुर्गापूजेआधी आपण गादी सोडणार. कोणास देणार, ते फर्माविले नाही.

येथोन मोहीम सुरू.

मुस्तफींनी जाणिले की चालीने जाता गादी दोघांत वयाने मोठ्या बाईंकडे सरकेल. सबब चालच मोडावी. तयांनी गुडगावहून तनुज सबरवाल या नावाचा मसलतगार बोलाविला, ज्याचे काम मोठमोठ्या पेढ्यांत शिरोन त्यांची संस्कृती तपासणे आणि ती बदलण्याचा बेत आखोन देणे. गृहस्थ वयाने तरुण, जोडे पांढरे, मोजे नाहीत. त्याने आल्या दिवशी चाळीस माणसांस दोनदोन पिवळ्या चिठ्ठ्या वाटिल्या आणि हुकूम केला की पेढीचे मूल्य एका शब्दात लिहावे. आणि मग तो बाईंचे टेबलाशी आला.

"मॅडम, तुम्ही अजून लिहिलं नाहीत. एका शब्दात सांगा फक्त. पेढीची संस्कृती."

"जेवण."

"नाही, म्हणजे, मूल्य म्हणतोय मी."

"मग दोन शब्द घ्या. वेळेवर जेवण."

चिठ्ठ्या भिंतीस चिकटविल्या आणि मोजिल्या. त्रेसष्टांवर जेवण. नवांवर पंखा. पाचांवर लिफ्ट. तीन चिठ्ठ्यांवर, वेगवेगळ्या हातची, "मधूदी" ऐसी अक्षरे, म्हणजे मधुच्छंदाबाईच. सबरवालांनी त्या तीन चिठ्ठ्या चुकीच्या भरल्या ऐसे ठरवोन बाजूस काढिल्या, आणि त्रेसष्टांवरून निष्कर्ष काढिला की सत्तेचा किल्ला म्हणजे ते टेबल. त्यास आठच खुर्च्या. बाकीची बत्तीस माणसे आपापल्या डब्यांशी. हे त्याचे म्हणणे बखरकारास नाकारता येत नाही, आणि बाईंसही आले नाही. त्यांनी ते एका दस्ताच्या मागल्या बाजूस पेन्सिलीने टिपोन ठेविले.

मग चौऱ्याहत्तर चित्रे पडद्यावर आली आणि तयांतून चार कलमे निघाली. पहिले, जेवणाचे टेबल बंद, सर्वांनी आपल्या जागी खावे. दुसरे, यापुढे सारे निर्णय दर मंगळवारी सकाळी दहा वाजता नव्या काचेच्या खोलीत. तिसरे, दिल्लीच्या एका बड्या पेढीत ही पेढी विलीन करावी, आणि मुस्तफी येथले प्रमुख व्हावे. चौथे कलम एकाहत्तराव्या चित्राच्या तळाशी, बारीक अक्षरांत: दिल्लीकरांस जमीनजुमल्याचे खाते नको, सबब ते पूजेआधी गुंडाळावे; माणसे सात, मांजर एक.

(येथे पान ओले होऊन चार ओळी गेल्या आहेत. डाग मोहरीच्या तेलाचा.)

पहिली दोन कलमे सह्यांवर भागत होती, कारण तयांत पेढीचे काही जात नव्हते ऐसे सर्वांस वाटले. शेवटली दोन नव्या खोलीत ठरायची. कागद फिरला. सरखेलबाबू म्हणाले, माझ्या दूधभाताला आठ खुर्च्या लागत नाहीत, आणि सही केली. परंतु तयांचेही आधी, सर्वांचे वर, निळ्या शाईत सही होती ती मधुच्छंदा पत्रनवीस यांची, आणि ती पाहोन बाकीच्यांनी निमूट आपापल्या केल्या.

ही बातमी कपाटांच्या खोलीत पोचावयास लिफ्ट लागली नाही. हरिसाधन कोले बाईंपुढे येऊन उभे राहिले. वय अठ्ठावन्न, पेढीत चौतीस वर्षे, दुसरी पेढी ठेवोन घेईल ऐसे वय नव्हे आणि दुसरी विद्या नव्हे.

"मधूदी, खाली बोलतायत की पहिली सही तुमची."

"बरोबर बोलतायत."

"आमचं खातं बंद करायच्या कागदावर?"

"नाही हो. टेबल बंद करायच्या. खात्याचं अजून ठरायचंय."

"पण ठरेल ना. उद्या मंगळवार आहे."

"कुठं ठरेल?"

"काचेच्या खोलीत."

"हरिसाधनदा, चौतीस वर्षं झाली तुम्हाला. जेवणाच्या टेबलाबाहेर या माणसांनी काही ठरवलेलं पाहिलंय?"

 हरिसाधनांनी खिशातून मुरमुऱ्यांची पुडी काढिली आणि उघडोन बाईंपुढे धरिली आणि दोघांनी अर्धीअर्धी खाल्ली.

"आणि ठरवलंच तर?" तोंड पुसत ते म्हणाले.

"तर मी आठजणांत एकटी नाही म्हणेन, आणि तुम्ही घरी जाल. म्हणून तर झोप येत नाही मला."

त्याच दुपारी बाईंनी बनमाळी ठाकुरांस बोलावोन विचारिले की केंद्रापाड्यास घराचे छप्पर गळते ऐसे तुम्ही तीन वर्षे सांगता, ते कधी करणार. ठाकूर म्हणाले, "दिदी, तुमचं पोट कोण बघणार?" बाई म्हणाल्या, "आमची पोटं एक महिना तशीच राहू देत." आणि भरपगारी रजेचा कागद त्यांचे हाती दिला. येणेप्रमाणे रसद तोडिली आणि वेढा बसला, आणि ज्यांस वेढिले होते तयांस ते कळले नाही, कारण तयांस वाटत होते की आपणच वेढिले आहे.

वेढ्याचे रोजनामे.

पहिला मंगळवार. काचेची खोली, सात भागीदार खुर्च्यांत, सरखेलबाबू सोफ्यावर. मुस्तफींनी एक तास दहा मिनिटे निवेदन केले आणि मग मते विचारिली. एकजण म्हणाला, छान आहे. दुसरा म्हणाला, फारच छान आहे. तिसऱ्याने छताकडे पाहिले. सर्व म्हणाले, बघू या, विचार करतो. बंगाल्यात ही चार शब्दांची तटबंदी आहे, ती तोफेने पडत नाही.

दिवस चौथा. छपाईच्या यंत्राचा टोनर संपला. कोणता आणावा ते ठरले नाही.

दिवस सातवा. टोनर नाही.

दुसरा मंगळवार. छान आहे. बघू या.

दिवस नववा. एका मोठ्या अशिलाच्या पत्रास काय उत्तर द्यावे यावर दोन भागीदारांत मतभेद पडला. पूर्वी तो डाळभाताबरोबर मिटता. आता दोघे आपापल्या खोलीत, दारे लावोन, सँडविच खात बसले. सँडविचात काटा नसतो, तरी दोघे गप्प.

दिवस बारावा. सरखेलबाबू दीड वाजता सवयीने मागल्या खोलीत गेले आणि उघड्या टेबलावर हात ठेवोन अर्धी घटका बसोन परत आले.

दिवस चौदावा. टोनर हरिसाधनांनी स्वतःच्या खिशातून आणिला. चुकीचा निघाला.

आता दिल्लीकरांचे पत्र आले की महिनाअखेरपर्यंत होकार न आल्यास आम्ही दुसरीकडे पाहतो. मुस्तफींची झोप उडाली. ते शिबतोष बक्षी यांचे खोलीत गेले. बक्षी कराच्या खात्याचे भागीदार, वय साठ, अंगाने गोल, आणि कोणाचे वाईट न व्हावे एवढ्यासाठी कोणत्याच बाजूस न झुकणारे.

"शिबूदा, एकदाचं सांगा. हो की नाही?"

"अरे, माझी काय हरकत असणार?"

"म्हणजे हो?"

"हो म्हणायलाही हरकत नाही. पण तिथं कसं म्हणू? तिथं एसी फार आहे हो. तिथं कसं काही ठरवणार? आणि समोर सगळ्यांची तोंडं दिसतात."

"टेबलावर काय दिसत नव्हती का?"

"टेबलावर ताट दिसायचं रे. बोलायचं ते मी भाताकडे बघून बोलायचो."

"शिबूदा, दिल्ली थांबणार नाही."

"मग बघू या. विचार करतो."

तिसरा मंगळवारही ऐसाच गेला. आणि एकोणिसाव्या दिवशी मुस्तफी आपण होऊन कपाटांच्या खोलीत आले, जेथे तयांचे पाऊल वर्षभरात पडले नव्हते, आणि पुंटीने वरोन एक डोळा उघडोन पाहिले आणि मिटला.

"मधूदी, ठाकूर कधी येणार?"

"छप्पर झालं की."

"छप्पर कधी होणार?"

"विचार करतायत ते."

मुस्तफी खुर्ची ओढोन बसले. "टोमणे नका मारू. मला कळतंय तुम्ही काय केलंत ते. एक दिवस टेबल उघडू या. एकच. हो तर हो, नाही तर नाही."

"उघडू की. पण शिरस्त्याप्रमाणं. मुंडक्यासकट."

"आणि मुंडकं कुणाला?"

"तू घे. तू धाकटा आहेस, दात शाबूत आहेत. हात धुवून जे सांगशील ते ठरलं. मी सगळ्यांसमोर मान्य करीन."

मुस्तफींस या औदार्याचा संशय यावयास पाहिजे होता. परंतु ज्यास आपल्या जिभेवर फार भरवसा असतो त्यास समोरचा का गप्प आहे हे विचारण्याची सवय राहत नाही. ते राजी जाहले, आणि जाताना हरिसाधनांस नमस्कारही करोन गेले. हरिसाधनांनी तो घेतला नाही. ते बाईंकडे वळले.

"हे काय केलंत तुम्ही? सातजणांची पोटं त्याच्या ताटात वाढलीत?"

 बाईंनी ठाकुरांस फोन लावोन सांगितले, बुधवारी या, आणि रोहू दोन आणा.

"दोन कशाला, दिदी?"

"राहू दे एक मागे."

बुधवार. भाद्रपद, वद्य पक्ष, उकाडा भयंकर, पंखा तिसऱ्या वेगावर. ठाकूर पहाटे उतरोन स्टेशनावरून थेट बाजारात गेले होते. दीड वाजता आठही सरदार आपापल्या कदीम जागी बसले. सबरवाल कोपऱ्यात स्टुलावर, मांडीवर यंत्र, त्यात घड्याळ चालू. दाराबाहेर बोळात हरिसाधन आणि सहाजण, हाती निमित्तापुरते कागद. सरखेलबाबूंनी दूधभातातून चमचा उचलोन मुस्तफींकडे दाखविला, आणि ठाकुरांनी आणोन मुंडके तयांचे पानात ठेविले. ते ताटाचे काठाबाहेर येत होते. डोळा वर होता.

मुस्तफींनी काटाचमचा उचलिला, सर्वांकडे पाहिले, खाली ठेविला, आणि बाह्या दुमडोन हात घातला. पहिला घास नीट गेला. बक्षींनी घसा खाकरला आणि भाताकडे पाहोन म्हणाले, "टोनरचं असं झालंय की."

"शिबूदा," मुस्तफी घास गिळोन म्हणाले, "हे सगळं एक्केचाळिसाव्या चित्रात आहे. केंद्रीय खरेदी."

बक्षी थांबले. साठ वर्षांत मुंडक्यामागून कोणी उत्तर दिले नव्हते. त्यांनी डाळ ओढोन घेतली आणि पुढे बोलले नाहीत.

दुसऱ्या भागीदाराने अशिलाच्या पत्राचा विषय काढिला. अर्ध्यावर असता मुस्तफी म्हणाले, "समजलं मला, मुद्दा समजला," आणि मुद्दा स्वतःच सांगो लागले, आणि बोलता बोलता डोळ्यामागचा भाग तोंडात घातला. तिसऱ्याने सुरुवात केली, "मला भीती अशी वाटते," तोच मुस्तफी म्हणाले, "भीती ही वाढीची पहिली," आणि तेथे वाक्य थांबले.

हात हवेत राहिला. डोळे मोठे जाहले. 

"काटा," बक्षी म्हणाले.

"कोरडा भात दे. गोळा करून. चावायचा नाही," एक म्हणाला.

"केळं आणा कुणीतरी."

"पाणी नको, पाण्यानं बसतो."

मुस्तफींनी भाताचे तीन गोळे गिळिले आणि दोन केळी, आणि काटा जागचा हलला नाही. डोळ्यांतून पाणी. मग सरखेलबाबू, जे सकाळपासून बोलले नव्हते, दातांवाचून म्हणाले, "मांजरीचे पाय धर."

घशात काटा अडकता मांजरीचे पाय धरावे, ती मासे खाणारांत थोरली, तिने क्षमा केली की काटा सुटतो, ऐसा त्या मुलखीचा समज. लहानपणी सर्वांनी पाय धरिलेले असतात, मोठेपणी कोणी कबूल होत नाही. मुस्तफींनी मान जोराने नकारार्थी हालविली. मग काटा पुन्हा टोचला. मग उठले.

येणेप्रमाणे विलायतेस दोन वर्षे राहिलेले दीप्तरूप मुस्तफी, मागे सहा भागीदार, त्यांमागे सबरवाल, ऐसी स्वारी कपाटांच्या खोलीत आली. हरिसाधन आधीच शिडीपाशी उभे होते. पुंटी १९१२ सालच्या एका वाटणीपत्रावर पसरली होती.

"झोपलीये साहेब," हरिसाधन म्हणाले. "उठवलं तर चिडते. हलकेच धरा. पुढचे धरा, मागचे नाही."

मुस्तफींनी शिडीच्या तीन पायऱ्या चढोन, दोन्ही हातांनी, ज्या मांजरीस एकाहत्तराव्या चित्रात बडतर्फ केले होते तिचे पुढले पाय धरिले आणि डोके टेकविले. पुंटीने तयांचे बोटांचा वास घेतला, माशाचा, आणि एक बोट चाटले. मुस्तफींस उचकी लागली की हसू आले हे कोणास सांगता येईना, परंतु उचकीबरोबर काटा गेला. तो भाताने गेला की केळ्याने की क्षमेने, याविषयी पेढीत आजपावेतो दोन पक्ष आहेत.

ते खाली उतरले आणि बेसिनापाशी जाऊन सवयीने हात धुतले. हात धुतले म्हणजे पाळी संपली, आणि मुंडके पुरे न खाता, कोणाचे पुरे न ऐकता सांगितलेले ठरत नाही. ते तयांचेच ध्यानी सर्वांआधी आले, आणि तसेच ओले हात घेऊन ते आरशापुढे उभे राहिले.

सर्व पुन्हा पंगतीस बसले. ठाकूर आत गेले आणि दुसऱ्या रोहूचे मुंडके घेऊन आले आणि क्षणभर उभे राहिले. सरखेलबाबूंनी चमचा मधुच्छंदाबाईंकडे फिरविला.

बाईंनी बांगड्या वर सरकविल्या आणि खावयास लागल्या. सावकाश, एकेक हाड सुटे करोन, ताटाचे काठावर ओळीने मांडीत. बोलल्या नाहीत, पाहिलेही फारसे नाही. आणि मग हळूहळू लोक भाताकडे पाहोन बोलो लागले. टोनर निघाला. पत्र निघाले. ज्याची भीती अर्ध्यावर राहिली होती त्याने ती पुरी सांगितली: आपले अशील म्हातारे होत चालले आहेत, तयांची मुले आपल्याकडे येत नाहीत. बक्षी म्हणाले की माझे ऑपरेशन आहे, पूजेनंतर, घरीही अजून सांगितले नाही, तीन महिने माझे खाते कोण पाहील. हे कोणास ठाऊक नव्हते. बाई खात राहिल्या.

शेवटी मुस्तफी. घसा बसला होता, सबब ते हळू बोलले आणि थोडे बोलले, जे तयांचे आयुष्यात क्वचित घडले असेल.

"मला तुमची माणसं काढायची हौस नव्हती, मधूदी. दहा वर्षं मी दिल्लीला जातोय. तिथं विचारतात, कुठली पेढी, आणि मी नाव सांगितलं की म्हणतात, अजून आहे का ती? मला वाटलं, आपण मरण्याआधी कुणाला तरी जोडून घ्यावं. एवढंच होतं. ते मी चौऱ्याहत्तर चित्रांत सांगत बसलो."

 बाईंनी शेवटले हाड चोखोन काठावर ठेविले. सबरवालांचे घड्याळात त्रेचाळीस मिनिटे जाहली होती. त्या उठल्या, हात धुतले, लिंबू लावोन पुन्हा धुतले, पुसले, आणि उभ्यानेच बोलल्या.

"दिल्लीला नाही कळवा, नम्रपणे, आणि दीपू, तिथं आपल्याच नावानं एक खोली घे, तू चालव, तरुण अशील तुला तिथंच भेटतील. जमिनीचं खातं राहील. शिबूदा, तुमचे तीन महिने हरिसाधनदा आणि मी बघू, ऑपरेशनचं आज घरी सांगा. टेबल उद्यापासून रोज, पण आठ खुर्च्या नाहीत, दहा. दोन माणसं बाहेरची, आळीपाळीनं, बत्तीसच्या बत्तीस. उद्या हरिसाधनदा."

बोळातले सात कागद एकदम गळाले, त्याचा आवाज आत आला.

"आणि टोनर?" बक्षींनी विचारिले.

"तो हरिसाधनदांना विचारा कुठला नको ते."

मुस्तफींनी मान हालविली. ती होकारार्थी होती, ऐसे समोरच्या सातांनी पाहिले. सरखेलबाबू उठले, काठी न घेता, आणि आपली खुर्ची टेबलाचे टोकापासोन स्वतः ओढोन बाजूस केली, आणि म्हणाले, "हिची खुर्ची इकडे आणा. मला खिडकीपाशी द्या, वारा येतो." आणि दूधभात संपविला.

सबरवालांनी जाण्यापूर्वी अहवालाचे शेवटी एक ओळ वाढविली की या पेढीत निर्णयास लागणारा काळ त्रेचाळीस मिनिटे, इतका कमी काळ इतरत्र कोठे पाहण्यात नाही, कारण समजले नाही.

येणेप्रमाणे भाद्रपद वद्य पक्षी, बुधवारी, दुपारी तीन वाजोन पाच मिनिटांनी, सरखेल, मुस्तफी आणि मंडळी यांची गादी मधुच्छंदा पत्रनवीस यांजकडे आली. वेढा एकोणीस दिवस, खर्ची पडले रोहू दोन, केळी दोन, टोनर एक. पडलेले कोणी नाही, बडतर्फ कोणी नाही. सात माणसे आणि एक मांजर आपापल्या जागी कायम. हा जय दफ्तरी दाखल केला असे.

टेबल बंद असता जे तीन रविवार गेले, त्या तिन्ही रविवारी सकाळी मधुच्छंदाबाई गडियाहाटच्या बाजारातून रोहूचे मुंडके आणोन, घरात कोणी नसताना, ते खावयास शिकल्या. माहेरी ते भावास जाई आणि सासरी नवऱ्यास, आणि तोवर जन्मात त्यांनी ते खाल्ले नव्हते.